योबेर, यूबिया, आग्वा: बडोद्याच्या पावसात स्पॅनिश शिकताना

जूनच्या शेवटाला बडोद्यात पाऊस लागला की कुणी ना कुणी मला विचारतंच, "स्पॅनिश शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" विचारणाऱ्याचं मोबाइलवर बरंच काही झालेलं असतं. सफरचंद, मुलगा, मुलगी, लाल गाडी. एवढं पाठ असूनही तोंडातून एक वाक्य निघत नाही, कारण लाल गाडीबद्दल बोलायची वेळ माणसावर येतेच किती वेळा? पावसाबद्दल मात्र आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. म्हणून मी म्हणतो, यादी मिटा, खिडकीपाशी बसा आणि बाहेर जे चाललंय त्याचे शब्द आधी घ्या. मी स्वतः चाळिशीनंतर नोकरीच्या गरजेपोटी ही भाषा शिकलो. एक्सपोर्टचं काम, गिऱ्हाइकं पेरू आणि मेक्सिकोची. पावसाळ्यात शिकलेले शब्द टिकले. उन्हाळ्यात घोकलेले निम्मे वाहून गेले.

आधी कान आणि जीभ

पहिले दोन दिवस शब्दांच्या मागे लागू नका, फक्त उच्चार करा. मराठी माणसाला इथे आयतं घबाड मिळालेलं आहे. स्पॅनिशमधले त, द, प, क हे आपल्या त, द, प, क सारखेच आहेत. इंग्रजी वळणाने ट आणि ड करायची खोड असेल तर ती तेवढी सोडा. ‘तोर्मेंता’ म्हणजे वादळी पाऊस. त्याचं ‘टॉर्मेंटा’ केलंत की सगळी रया गेली.

पावसाचा शब्द लिहिताना सुरुवातीला दोन एल येतात, पण त्यांचा उच्चार बहुतेक ठिकाणी ‘य’ सारखा होतो: यूबिया. ब्युनोस आयर्सचा माणूस तोच शब्द ‘शूबिया’ म्हणतो. दोन्ही बरोबर. एक धरा, दुसरा ऐकून ओळखता आला म्हणजे झालं. व्ही हे अक्षर दिसलं तरी ‘ब’ म्हणा, ओठ मात्र हलके टेकवा. एच कधीच वाचू नका: वादळाचा ‘उराकान’ एचने लिहितात आणि उ पासून म्हणतात. हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. स्पॅनिश लोक तिथे पोचले आणि वादळासकट शब्दही घेऊन आले. ‘चार्को’ म्हणजे रस्त्यावरचं डबकं. त्यातला च चिमणीतला, चोरातला नव्हे. झेड आणि मऊ सी (म्हणजे ज्याच्यापुढे इ किंवा ए येतो तो) हे लॅटिन अमेरिकेत सरळ ‘स’ होतात, स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांत धरून ‘थ’ सारखे. मी ‘स’ वाला आहे, पुढचे उच्चारही तसेच दिले आहेत.

एक क्रियापद, सहा रूपं

आता पहिला खरा शब्द. तो नाम नाही, क्रियापद आहे: ‘योबेर’. आपल्याकडे पाऊस हा कर्ता असतो. तो येतो, पडतो, लागतो, दडी मारतो, झोडपतो. स्पॅनिशमध्ये कर्ताच नाही. ‘युएबे’ म्हटलं की वाक्य पुरं. नवशिक्या ‘पाऊस’ला शब्द शोधतो, मग ‘पडतो’ला शोधतो, आणि दोन्ही जोडून जे म्हणतो ते कवितेत शोभेल, पण रिक्षावाल्याशी बोलताना नाही.

‘युएबे’, पाऊस पडतो. ‘एस्ता योबिएंदो’, आत्ता पडतोय. ‘योबिओ’, पडला. ‘योबीआ’, पडत होता. ‘आ योबीदो’, पडून गेलाय. ‘बा आ योबेर’, पडणार. ही सहा रूपं कागदावर लिहून खिडकीच्या गजाला अडकवा. सकाळी दात घासताना बाहेर बघा आणि त्या क्षणाला जे लागू आहे तेच रूप मोठ्याने म्हणा. एका वेळी एकच. सहाही ओळीने म्हणायला लागलात की ती पाढ्यांसारखी होतात आणि सातव्या दिवशी पाढाच आठवतो, पाऊस आठवत नाही.

इथे एक खड्डा आहे. ‘योरार’ म्हणजे रडणे. ‘अनोचे योबिओ मूचो’ म्हणजे काल रात्री खूप पाऊस झाला. ‘अनोचे योरो मूचो’ म्हणजे काल रात्री तो खूप रडला. पहिल्या महिन्यात हा घोटाळा सगळेच करतात. मीही केला आणि समोरच्याने फोनवर फार काळजीने विचारलं, कोण?

बाकी हवामानासाठी तीन छोटी क्रियापदं पुरतात. ‘आसे कालोर’ गरम होतंय, ‘आसे बिएंतो’ वारा आहे. ‘आय निएब्ला’ धुकं आहे. ‘एस्ता नुब्लादो’ आभाळ आलंय. कुठल्या गोष्टीला ‘आसे’ आणि कुठल्या गोष्टीला ‘आय’ हे तर्काने काढायला जाऊ नका, जोडीनेच पाठ करा. पावसापुढे मात्र ‘आसे’ कधीच लावायचं नाही.

पावसाचं मोजमाप

या पायरीवर रेंगाळा, कारण इथे आपण मराठी लोक श्रीमंत आहोत. भुरभुर, रिमझिम, सर, संततधार, झड, मुसळधार, वळीव. ज्याच्या डोक्यात हे कप्पे आधीच तयार आहेत त्याला स्पॅनिश शब्द ठेवायला जागा शोधावी लागत नाही. फक्त एक करा: मराठी शब्दासमोर स्पॅनिश शब्द लिहू नका, प्रसंगासमोर लिहा.

छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडतो, तो ‘योबिस्ना’. कमाटी बागेत फिरायला गेलेले लोक ज्याला न जुमानता फेरी पुरी करतात तो. स्पेनमध्ये अशाच बारीक पावसाला एक झकास नाव आहे, ‘कालाबोबोस’, म्हणजे बावळटांना भिजवणारा. हा काय पाऊस आहे, म्हणत छत्री न घेता निघतो आणि घरी येईपर्यंत चिंब होतो, तो बावळट. स्पेनच्या उत्तरेला, बास्क भागात याच पावसाला ‘सिरिमिरी’ म्हणतात. मेक्सिकोच्या बेराक्रूस राज्यात तो ‘चिपी-चिपी’ होतो. रिमझिमला जोडी शोधत असाल तर नादात याच्याइतका जवळचा शब्द मला सापडलेला नाही.

पेरूमध्ये याची आणखी एक जात आहे, ‘गारुआ’. लिमा शहर समुद्रकाठी आहे, पण किनाऱ्यालगतच्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे तिथे खरा पाऊस जवळजवळ पडतच नाही. हिवाळ्यात ढग खाली उतरतात आणि हवाच ओली होते, ती गारुआ. लिमाभोवतीच्या कोरड्या टेकड्यांवर मोठी जाळी उभी करून धुक्यातलं पाणी गोळा करतात, त्या जाळ्यांना ‘आत्रापानिएब्लास’ म्हणतात: धुकं पकडणारी. शब्द लांब आहे, पण फोडला की सोपा: ‘आत्रापा’ पकडतो, ‘निएब्ला’ धुकं.

अचानक येऊन दहा मिनिटांत जाणारी सर म्हणजे ‘चुबास्को’ किंवा ‘चापार्रोन’. हे दोन शब्द बहुतेक एकमेकांच्या जागी चालतात. बातम्यांत पहिला जास्त, घरात दुसरा. ‘आग्वासेरो’ त्याहून दांडगा, विशेषतः लॅटिन अमेरिकेत: आकाश फाटल्यासारखा. मे महिन्यातल्या आपल्या वळवाला मी ‘तोर्मेंता दे बेरानो’, उन्हाळी वादळ, असं म्हणतो. त्याच्याबरोबर तीन शब्द येतात आणि ते तिन्ही वेगळे आहेत: चमकते ती ‘रेलाम्पागो’, कोसळते ती ‘रायो’, गडगडतो तो ‘त्रुएनो’. आपणही वीज चमकली, वीज पडली असं वेगळं म्हणतोच, फक्त नाम एक वापरतो. गारा पडल्या तर ‘ग्रानिसो’. चार दिवस सूर्य दिसू न देणारी झड असेल तर ‘तेंपोराल’. मुसळधारला मुसळ नाही, घागर आहे: ‘युएबे आ कांतारोस’, घागरींनी ओततोय.

पाऊस कमी-जास्त होण्याचे शब्दही याच वेळी घ्या, पुस्तकं ते फार उशिरा देतात. ‘आर्रेसिआर’ जोर धरणे, ‘आमाइनार’ ओसरणे, आणि माझा सर्वांत लाडका ‘एस्कांपार’. उघडीप होणे. हिंदीत किंवा इंग्रजीत यासाठी दोन-तीन शब्द जुळवावे लागतात, स्पॅनिशमध्ये आणि मराठीत एक पुरतो. पाऊस येण्याआधीच्या घामट उकाड्याला ‘बोचोर्नो’ म्हणतात. चारचौघांत लाज वाटून कान तापतात, त्यालाही तोच शब्द.

भिजल्यावर: ‘मोहादो’ भिजलेला, ‘एम्पापादो’ चिंब. बाई बोलत असेल तर शेवटी ‘दा’. कुणी ‘एस्तोय एचो उना सोपा’ म्हणालं तर त्याने सूप मागितलेलं नाही. तो एवढा भिजलाय की त्याचंच सूप झालंय. छत्री म्हणजे ‘पाराग्वास’, पाणी थांबवणारी. एक असो वा दहा, शब्द तोच राहतो. पागोळ्यांना मात्र तसा सुटसुटीत एक शब्द नाही. वळचणीतून थेंब गळतायत असं सांगावं लागतं. थेंब म्हणजे ‘गोता’ आणि छप्पर गळतं ती ‘गोतेरा’. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात वाढलेल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

ऋतूची गंमत

मान्सूनला ‘मोन्सोन’ म्हणतात. तो अरबीतल्या ‘मौसिम’वरून पोर्तुगीजमार्गे आला, आणि आपला ‘मोसम’, ‘मोसमी वारे’ हेही त्याच घरचे. पण लॅटिन अमेरिकेत पावसाळा सांगताना ‘तेंपोरादा दे यूबियास’ म्हणतात, मोन्सोन नाही. आणि सावध राहा: ‘इंबिएर्नो’चा कोशातला अर्थ हिवाळा, तरी कोलंबियात आणि मध्य अमेरिकेत लोक पावसाळ्यालाच इंबिएर्नो म्हणतात. तिकडचा माणूस इंबिएर्नो आला म्हणाला तर स्वेटर काढू नका, छत्री काढा.

पाण्याचं व्याकरण, झटपट

‘आग्वा’ स्त्रीलिंगी आहे, तरी एकवचनात तिच्याआधी ‘ला’ ऐवजी ‘एल’ लागतं, कारण ‘ला’तला आ आणि ‘आग्वा’तला आघाताचा आ एकमेकांवर आदळतात. विशेषण स्त्रीलिंगीच राहतं: ‘एल आग्वा फ्रीआ’, थंड पाणी. ‘मूचा आग्वा’, ‘एस्ता आग्वा’, ‘लास आग्वास’. संपलं.

नळ, टाकी, मोटर

घरातलं पाणी शिकताना आधी देश ठरवा. नळाला स्पेनमध्ये ‘ग्रीफो’, मेक्सिकोत ‘याबे’, अर्जेंटिनात ‘कानिया’, पेरूत ‘कान्यो’. मी हे ठरवलं नव्हतं. पुस्तक स्पेनचं, गिऱ्हाईक लिमाचं. नळाच्या फिटिंगचे नमुने पाठवतो म्हणून मोठ्या झोकात ‘ग्रीफो’ लिहिलं, आणि तिकडून उत्तर आलं की तुम्ही पेट्रोल पंपाच्या धंद्यातही आहात हे माहीत नव्हतं. पेरूत ग्रीफो म्हणजे पेट्रोल पंप. तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो, कुणाशी बोलायचंय? उत्तर नसेल तर मेक्सिकोचे शब्द घ्या, बोलणारे सर्वांत जास्त तिथे आहेत. शिवाय मेक्सिकोचं घर आपल्यासारखं आहे. गच्चीवर टाकी असते, तिला ‘तिनाको’ म्हणतात. जमिनीखालचा हौद ‘सिस्तेर्ना’. मोटर ‘बोंबा’, आणि बाँबलाही तोच शब्द, पण संदर्भाने कळतं.

यानंतरची वाक्यं ऐकून मला हसू आलं होतं. पाणी गेलं: ‘से फुए एल आग्वा’. पाणी आलं: ‘या येगो एल आग्वा’. लाईट गेली: ‘से फुए ला लुस’, आणि ‘लुस’ म्हणजे उजेड, म्हणजे अगदी लाईटच. आपण जसं म्हणतो तसंच, शब्दाला शब्द. असंच ‘आग्वा दुल्से’ म्हणजे गोडं पाणी आणि ‘आग्वा सालादा’ खारं पाणी. कोलंबियात गुळासारख्या ‘पानेला’चं पाणी करून पितात, ‘आग्वापानेला’. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळपाणी देणाऱ्या घरात हा शब्द एकदा सांगितला की पुरतो.

प्यायला मागताना ‘उन बासो दे आग्वा, पोर फाबोर’. बासो म्हणजे पेला. तहान लागली तर ‘तेंगो सेद’, माझ्याकडे तहान आहे. बाटली मागितलीत तर ‘कोन गास’ की ‘सिन गास’ असं विचारतील. ‘सिन’ म्हणा, नाहीतर सोडा येईल. आणि मेक्सिकोच्या रस्त्यावर कुणी मागून ‘आग्वास!’ ओरडलं तर पाणी शोधू नका, बाजूला व्हा. त्याचा अर्थ ‘सांभाळून!’

नदी चढते तेव्हा

बडोदेकराला ही पायरी टाळता येत नाही. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून येते, वर आजवा तलाव भरतो आणि खाली शहराचं काळीज धडधडायला लागतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी सोसायट्यांत शिरलं आणि पाण्याबरोबर मगरीही आल्या. त्यामुळे ‘आय उन कोकोद्रीलो एन ला काये’, रस्त्यावर मगर आहे, हे वाक्य इतर गावांत पुस्तकी वाटेल, आपल्याकडे ते कामाचं आहे.

शब्द घ्या: ‘रिओ’ नदी, ‘ओरिया’ काठ, ‘पुएंते’ पूल, ‘प्रेसा’ धरण, ‘लागो’ तळं. नदी फुगते ती ‘क्रेसीदा’. पूर म्हणजे ‘रिआदा’, आणि पाणी घराघरांत शिरून सगळं बुडतं ती ‘इनुंदासिओन’. ‘एल रिओ से देस्बोर्दो’, नदीने काठ सोडला. काठाला ‘बोर्दे’ही म्हणतात, तेच या क्रियापदाच्या पोटात आहे. चिखल ‘बार्रो’ किंवा ‘लोदो’.

आपल्या पुरानंतर दोनच महिन्यांनी, २९ ऑक्टोबर २०२४ ला, स्पेनच्या वालेन्सिया भागात असाच पाऊस कोसळला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तेव्हाच्या बातम्यांत ‘दाना’ हा शब्द सारखा यायचा. वातावरणाच्या वरच्या थरात एकटी पडलेली थंड हवेची पोकळी, अशा अर्थाच्या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा तो बनलाय. जुने लोक त्यालाच ‘गोता फ्रीआ’, थंड थेंब, म्हणतात. मी त्या बातम्या कोशाशिवाय वाचू शकलो, कारण प्रत्येक शब्दासमोर मला आपलंच शहर दिसत होतं.

त्याच वालेन्सियात पाण्याची एक जुनी पंचायत आजही भरते. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता, कॅथेड्रलच्या दाराशी, शेताच्या पाण्याचे तंटे तोंडी मिटवतात. बोलतात मात्र स्पॅनिशमध्ये नाही, वालेन्सियन भाषेत. युनेस्कोने २००९ मध्ये तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तंटे ज्यावरून होतात तो पाटाचा शब्द ‘आसेकिया’. हा अरबीतून आला, ‘पाणी पाजणारी’ अशा अर्थाच्या शब्दावरून. गझलेतला साकी त्याच कुळातला. ७११ ते १४९२ या काळात स्पेनमध्ये अरबी बोलणाऱ्यांची राज्यं होती आणि पाणी खेळवायची विद्या त्यांच्याकडे होती, म्हणून हे शब्द राहिले: ‘नोरिया’ रहाट, ‘आल्हीबे’ पावसाचं पाणी साठवायचं टाकं, ‘आल्बेर्का’ हौद. मेक्सिकोत आल्बेर्का म्हणजे पोहण्याचा तलाव. आपला ‘हौद’ही अरबीच. विहीर मात्र ‘पोसो’, लॅटिनमधून आलेली. मेक्सिकोच्या युकातानमध्ये चुनखडीचं छत कोसळून तयार झालेल्या नैसर्गिक विहिरी आहेत, त्या ‘सेनोते’, मूळ माया भाषेतला शब्द. बडोद्याची नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाहिली असेल तर सेनोतेचं चित्र पटकन डोळ्यांपुढे येईल, फक्त पायऱ्या वजा करा.

म्हणी नंतर

पहिल्या महिन्यात म्हणींच्या नादी लागू नका. चारच सांगतो, कारण त्या आयत्या जुळतात. ‘से मे आसे आग्वा ला बोका’, तोंडाला पाणी सुटलं. सेव-उसळच्या गाडीसमोर सराव करा. ‘एस्तार कोन एल आग्वा आल कुएयो’, पाणी गळ्याशी आलं. ‘आओगार्से एन उन बासो दे आग्वा’, पेलाभर पाण्यात बुडणं, म्हणजे क्षुल्लक गोष्टीने हवालदिल होणं. आणि ‘नुन्का युएबे आ गुस्तो दे तोदोस’, सगळ्यांच्या मनासारखा पाऊस कधीच पडत नाही. शेतकरी आणि क्रिकेटवाला एका घरात असतील तर ही रोज वापरता येते.

रोजचा पाव तास

एक साधी वही घ्या. रोज सकाळी आधी स्पेनच्या सरकारी हवामान खात्याचा, म्हणजे ‘आएमेत’चा अंदाज उघडा. भाषा कोरडी असते आणि तेच शब्द फिरून फिरून येतात, नवशिक्याला याहून चांगलं काय हवं? पावसाला तिथे ‘प्रेसिपितासिओनेस’ म्हणतात. ओळखा, पण बोलू नका, नाहीतर तुम्ही बातम्या देताय असं वाटेल. इशारे तीन रंगांचे: ‘आमारियो’ पिवळा, ‘नारान्हा’ नारिंगी, ‘रोहो’ लाल. रंग फुकटात पाठ होतात.

मग खिडकीबाहेर बघून चार ओळी लिहा, चारच. शब्द अडला तर मोकळी जागा सोडा, संध्याकाळी स्पॅनिश अकादमीच्या मोफत ऑनलाइन कोशात बघा. मागच्या जुलैतलं माझ्या वहीतलं एक पान असं आहे: ‘ओय युएबे आ कांतारोस. से फुए ला लुस. आय उना गोतेरा एन ला कोसीना. एल रिओ एस्ता त्रांकीलो.’ आज घागरींनी ओततोय, लाईट गेली, स्वयंपाकघरात गळतंय, नदी शांत आहे. लिहून झालं की मोठ्याने वाचा. घरातले हसतील. हसू द्या, आठवड्याने त्यांनाही ‘गोतेरा’ येतो.

ऑक्टोबर उजाडला, गच्चीवर गाद्या वाळायला पडल्या, की वही पहिल्या पानापासून एकदा वाचून काढा. मोकळ्या राहिलेल्या जागा भरा. शेवटच्या पानावर तारीख घाला, खाली एकच शब्द लिहा, ‘एस्कांपो’, आणि वही पुढच्या जूनपर्यंत माळ्यावर टाका.